भट्टीतल्या वाफेसाठी भांडे कोणते?

नागलीची भाकरी तव्यावर टाकली की आपल्या मायबहिणी लगेच तिच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. का फिरवायचा, हे कोणी शिकवीत नाही. आईचे पाहून मुलगी करते. पाणी लावले नाही तर भाकरीचा वरचा पदर आधी वाळतो, त्याला भेगा पडतात आणि आतली वाफ त्या भेगांतून निसटून जाते. मग भाकरी फुगत नाही. पाण्याचा हात म्हणजे भाकरीला फुगण्यासाठी दिलेली थोडी सवड.

पावाचेही असेच आहे. पावाचा गोळा तापलेल्या भट्टीत गेला की पहिली दहा मिनिटे तो झपाट्याने वाढतो. आतला वायू उष्णतेने फुगतो, आणि यीस्टही मरण्यापूर्वी जोराने काम करून घेते. या वेळात वरची साल कोरडी होऊन कडक बनली तर पाव दबतो, नाहीतर नको तिथे फुटतो. पण भट्टीत वाफ असेल तर ती थंड गोळ्यावर दवासारखी बसते व साल ओलसर, लवचीक राहते. पिठातली खळ त्या ओलाव्याने शिजते आणि कांजी केलेल्या कपड्यासारखी चकाकी पावावर येते. पुढे वाफ संपली की कोरड्या आचेत तीच साल खमंग व कुरकुरीत होते. म्हणजे वाफ हवी ती सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे; नंतर ती नसलेलीच बरी.

नगर हवेलीत १९५४ सालापर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे पाव आम्हाला परका नाही. पण आजवर तो बहुधा विकतच यायचा. आता खानवेलच्या आसपासच्या पाड्यांवरही काही घरांत विजेची छोटी ओव्हन आली आहेत, आणि नाताळला, ईस्टरला घरी पाव भाजण्याची हौस वाढली आहे. ‘ओव्हनमध्ये पाण्याचे भांडे ठेवा म्हणजे पाव छान होतो’ ही युक्तीही कानोकानी पसरली आहे. युक्ती खरी आहे. परंतु भांडे कोणते, हे कोणी सांगत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणून या खेपेला हे पान आम्ही एका भांड्यासाठी राखून ठेवले आहे.

गोव्याचा पोदेर असले भांडे वापरीत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. साष्टीतील माजोर्डे गावच्या लोकांना जेझुईट धर्मगुरूंनी पाव करण्याची विद्या दिली, असे तिकडे सांगतात. त्यांची जुनी भट्टी जांभ्या दगडाची आणि मातीची, वरून घुमटासारखी. आत लाकडे पेटवून ती तापवायची, मग निखारे व राख ओढून काढायची आणि लांब काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने तळ पुसून घ्यायचा. नंतर लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने उंडे आणि पोळ्या आत सोडून तोंड बंद करायचे. ओल्या फडक्याची थोडी वाफ, आणि एकदम भाजल्या जाणाऱ्या शेकडो पावांतून निघणारी पुष्कळशी वाफ, ही सारी त्या बंद घुमटात कोंडून राहते. युरोपात एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या धर्तीच्या भट्ट्यांत मुद्दाम वाफ सोडू लागले. ऑगस्ट झांग नावाच्या गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ती पद्धत पॅरिसला नेली. आपल्या घरच्या ओव्हनमध्ये मात्र एक-दोनच पाव असतात, आणि त्यांची वाफ फटींतून निघून जाते. म्हणून भांड्याची गरज.

आता मुख्य मुद्दा. चुलीवर भाताचे पातेले आठवा. पाणी आहे तोवर भात करपत नाही. पाणी आटले की लगेच करपतो. कारण भांड्यात पाणी असेपर्यंत ते भांडे १०० अंशांच्या फारसे वर जातच नाही, खाली कितीही जाळ असो. पाणी संपताच ते आगीइतके तापू लागते. पाव भाजताना ओव्हन २२० ते २३० अंशांवर असते. वाफेचे भांडे आधी रिकामे तापवून वर पाणी ओततात, किंवा पाणी घालून ठेवले तरी ते थोड्या वेळात आटून जाते. दोन्ही रीतींत ते भांडे काही वेळ कोरडे राहून पूर्ण तापणारच. आपल्या घरातली पुष्कळ भांडी वर्षानुवर्षे चुलीवर बिनबोभाट चालतात, ती केवळ त्यांच्यात पाणी असते म्हणून. तेव्हा वाफेचे भांडे निवडताना ‘हे पाण्यासह टिकेल का’ असे विचारू नये. ‘हे कोरडे तापल्यावर टिकेल का’ असे विचारावे.

कल्हईची भांडी घ्या. कल्हईवाल्याला काम करताना आपण सर्वांनी पाहिले आहे. तो पितळेचे भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी टेकवतो, आणि ती लोण्यासारखी वितळली की कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो. कथील २३२ अंशांना वितळते. पाव भाजण्याची आच जवळजवळ तेवढीच! शिवाय छोट्या ओव्हनचा काटा दाखवतो त्यापेक्षा सळईजवळची आच पुष्कळदा अधिक असते. म्हणजे कल्हईचे पातेले आत कोरडे तापले तर कल्हईवाल्याचे काम आपण उलटे करीत असतो. कथील वितळून मणी जमतात, खालचे पितळ उघडे पडते, आणि अशा वेळी वर पाणी पडले तर तापल्या धातूचे थेंब तडतडून उडू शकतात. त्यातून कल्हईत शिसे मिसळलेले असेल तर आणखी वाईट. आजीचे कल्हईचे पातेले खिरीसाठी ठेवावे, ओव्हनमध्ये घालू नये.

याहून धोक्याची वस्तू म्हणजे तेलाचा जुना डबा. तो आडवा कापून त्याच्या ताटल्या करण्याची चाल आपल्याकडे आहे, कारण फुकटात होते. पूर्वीच्या डब्यांचे सांधे डाख देऊन जोडलेले असत, आणि गळका डबा आजही डाखानेच सांधतात. शिसे व कथील यांचा हा नेहमीचा डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो. पाव भाजण्याच्या आचेच्या कितीतरी आधी. नवे डबे यंत्राने सांधलेले असले तरी त्यांच्यावर बाहेरून छपाईचा रंग व आतून लाखेसारखा लेप असतो. तो जळून घाण धूर होतो, आणि पाव तो धूर पितो. शिशाविषयी आम्ही मुद्दाम ठासून सांगतो: लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कितीही थोडी मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. डाख दिलेली कोणतीही वस्तू, मग ती कितीही स्वच्छ घासलेली असो, ओव्हनमध्ये जाऊ नये.

काचेच्या भांड्याने माणसे सर्वांत जास्त फसतात, कारण त्यावर ‘ओव्हनसाठी योग्य’ असे छापलेले असते. छापलेले खोटे नसते. पण त्याचा अर्थ सावकाश तापवा व सावकाश निववा, एवढाच. कंदील जळत असता पावसाचा एक थेंब काचेवर पडला तर काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. आमच्या माहितीतील एका घरी गेल्या नाताळच्या आठवड्यात असेच झाले. काचेचे ताट अर्धा तास कोरडे तापले होते, वर पेलाभर पाणी ओतले, आणि आवाज होऊन ताटाचे तुकडे झाले. सुदैवाने त्या बाईंना इजा झाली नाही. पाव मात्र काचांसह टाकून द्यावा लागला. ओव्हनच्या दाराची काच, आतला दिवा यांनाही हाच नियम. वाफेसाठी काच नको, मग ती कितीही जाड असो. चिनी मातीची बशीही नको.

बाकीच्यांचे थोडक्यात सांगतो. न चिकटणाऱ्या काळ्या लेपाची भांडी रिकामी तापवू नयेत; सुमारे २६० अंशांच्या वर तो लेप बिघडू लागतो, आणि फार तापल्यावर निघणाऱ्या वाऱ्याने घरातली पाळीव पाखरे मेल्याची उदाहरणे आहेत. एनॅमलच्या भांड्याचे, एकदम पाणी पडले की, टवके उडतात. पातळ ॲल्युमिनियमचे ताट वितळणार नाही, पण ते एकदम वाकडे होते व पाणी बाहेर हिंदकळते. पातळ स्टीलच्या ताटलीचेही तेच, ती ‘टण्ण’ असा आवाज करून उडी मारते. जस्ताचा मुलामा दिलेली पाटी किंवा गुरांच्या पाण्याचे घमेले लाकडाच्या भट्टीत निखाऱ्यांजवळ ठेवू नये. जळत्या जस्ताच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. प्लास्टिकची किंवा लाकडी मूठ असलेले काहीही बाद. आणि एक खास आमच्या भागासाठी: भांड्यात दगड ठेवून त्यांवर पाणी टाकले तर वाफ भरपूर होते, हे खरे, पण ते दगड साकरतोडच्या किंवा दमणगंगेच्या पात्रातून आणू नयेत. नदीच्या दगडात आत पाणी मुरलेले असते. ते तापून वाफ झाली की दगड फुटतो व कपच्या गोळीसारख्या सुटतात. ओल्या धोंड्यांची चूल मांडू नये, असे जुनी माणसे सांगतात ते याचसाठी.

मग राहिले काय? साधे, जाड, उघडे लोखंड. काठ असलेला, चपट्या बुडाचा लोखंडी तवा किंवा बसकी कढई, जिला रंग नाही, मुलामा नाही, डाख नाही, आणि मूठ असलीच तर लोखंडाचीच. गोल बुडाची कढई ओव्हनच्या जाळीवर कलंडते, ती घेऊ नये. तोंड पसरट असावे, म्हणजे पाण्याची वाफ लवकर होते. बीड उष्णता उत्तम धरते, पण ते ठिसूळ असते. तापल्या बिडावर थंड पाणी पडले तर तडा जाऊ शकतो. सबब बिडाचा तवा असेल तर त्यात नेहमी उकळतेच पाणी घालावे. घडीव लोखंडाला तेवढे भय नाही. तरी उकळते पाणीच बरे, कारण त्याची वाफ ताबडतोब होते. लोखंडी भांडे मिळत नसेल तर जाड बुडाचे स्टीलचे पसरट पातेले चालेल. वाफेचे भांडे शक्य तर त्या कामापुरते वेगळेच ठेवावे, कारण वाफेने त्याला गंज चढतो. निवल्यावर पुसून, तेलाचा पुसट हात फिरवून ठेवले की पुरे. तेल जास्त लावले तर पुढच्या खेपेला धूर होतो.

पाणी किती, याबद्दलही गैरसमज आहे. लोक तांब्याभर ओततात. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा घेते. म्हणजे अर्धा कप, १०० मिलिलीटर पाण्याची वाफ १६० लीटरहून अधिक झाली, आणि आपले छोटे ओव्हन असते ३० लीटरचे. तेव्हा छोट्या ओव्हनला अर्धा कप व मोठ्याला एक कप पुष्कळ आहे. शिवाय एवढे पाणी बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप संपते आणि पुढची कोरडी आच मिळते. तापलेले भांडे बाहेर काढण्याची यातायात करावी लागत नाही. ते आत तसेच राहू द्यावे व ओव्हन निवल्यावर काढावे.

ज्या छोट्या ओव्हनमध्ये तापणाऱ्या सळया उघड्या दिसतात, त्यात तापल्यावर पाणी ओतूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सळईवर पाणी उडाले तर ती फुटू शकते, विजेचा धक्का बसू शकतो. अशा ओव्हनमध्ये पाव ठेवण्याच्या थोडे आधी, बटण बंद करून, पाणी घातलेले भांडे खालच्या जाळीवर सळईला न टेकता ठेवावे. मग दार लावून ओव्हन पुन्हा सुरू करावे. पाणी उकळू लागले की पाव आत जावा. वाफ एकदम उसळणार नाही, सावकाश येईल. घरच्या पावाला तेवढी चालते. पिचकारीने आत पाणी फवारण्याची रीतही काहीजण सांगतात. ती आम्हाला पसंत नाही.

सळया झाकलेल्या मोठ्या ओव्हनमध्ये किंवा मातीच्या भट्टीत तापल्या तव्यावर पाणी ओतायचे असेल तर लांब तोटीची किटली घ्यावी. दाराला काच असेल तर तिच्यावर आधी कोरडा टॉवेल पसरावा, ओतून झाल्यावर लगेच काढावा. समोर वाकून नव्हे, बाजूला उभे राहून ओतावे. हातात जाड आणि कोरडे फडके असावे. आपल्याकडे ओल्या फडक्याने भांडे उतरवण्याची सवय आहे. ओव्हनच्या आचेला ओले फडके क्षणात स्वतःच वाफ होऊन हात भाजते. नायलॉनचा पदर खोचून घ्यावा, आणि मुलांना दोन पावले लांब उभे करावे.

हे सारे जमणार नसेल तर याहून सोपी एक वाट आहे, आणि लहान मुले असलेल्या घरांना आम्ही तीच सुचवू. चपट्या बुडाची जाड लोखंडी कढई, तिच्यावर घट्ट बसणारे लोखंडी झाकण, आणि पाव त्या कढईतच भाजायचा. भाजताना पाव आपल्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पाणी सोडतो. अर्धा किलो पिठाच्या पावात ते ऐंशी-नव्वद मिलिलीटर भरते. झाकणाखाली कोंडून ठेवली तर तेवढी वाफ पुरून उरते. पोदेराच्या बंद घुमटाचे हे छोटे रूपच म्हणा. वीस मिनिटांनी झाकण काढावे, काढताना त्याची पलीकडची कड आधी उचलावी म्हणजे वाफ आपल्या तोंडावर येत नाही, आणि पुढे उघड्यावर भाजू द्यावे. ओतायचे पाणी नाही, वेगळे भांडे नाही. चुलीवर वर-खाली निखारे ठेवूनही हे साधते. यासाठी प्रेशर कुकर मात्र कोरडा तापवू नये; तसा तापवलेला कुकर पुढे दाबाखाली वापरण्याच्या भरवशाचा राहत नाही.

आणि हो, नेहमीचा मऊ लादीपाव करायचा असेल तर वाफेची काही गरज नाही. त्याला वरून दूध लावले की झाले. वाफ हवी ती उंड्यासारख्या कडक सालीच्या पावाला. गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा नागली मिसळून केलेल्या पावालाही वाफेचा चांगला उपयोग होतो. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे त्याची साल लवकर फुटते.

शेवटी वाफेने भाजण्याविषयी. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ कितीतरी जास्त भाजते. एक ग्रॅम उकळते पाणी अंगाच्या उष्णतेपर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ त्याआधी नुसते पाणी होतानाच ५४० कॅलरी देते. म्हणून नुसता झोत लागला तरी फोड उठतात. असे झाले तर भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या किंवा तांब्याने सतत ओतलेल्या स्वच्छ थंड पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा, घड्याळ पाहून. बर्फ नको. बांगड्या, अंगठी सूज येण्यापूर्वी काढाव्यात. तूप, हळद, शाई, दातांची पेस्ट यांपैकी काहीही लावू नये. त्याने उष्णता आत कोंडते व जखम चिघळते. फोड फोडू नयेत, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकावेत. तोंड, डोळे, हाताचे पंजे किंवा सांधे भाजले असतील, भाजलेली जागा आपल्या तळहाताहून मोठी असेल, किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर पाणी ओतून झाल्याबरोबर खानवेलच्या रुग्णालयात न्यावे. रात्र झाली म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.